प्रत्येक डागाला कारण हवे

कोर्सेअर या अमेरिकी लढाऊ विमानाचे १९४३-४४ सालचे फोटो पाहिले की एक गोष्ट चटकन नजरेत भरते. वैमानिकाच्या पुढ्यात, इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या पत्र्यावर पांढऱ्या पट्ट्या चिकटवलेल्या दिसतात. ती सजावट नव्हे आणि कुठल्या तुकडीची खूणही नव्हे. त्या पत्र्याखाली २३७ अमेरिकी गॅलनांची, म्हणजे जवळपास ९०० लिटरची इंधनाची टाकी होती. पत्र्यांच्या सांध्यांतून पेट्रोल झिरपायचे आणि वाऱ्याबरोबर मागे उडून समोरच्या काचेवर यायचे. मेकॅनिकांनी फार डोके लढवले नाही, सांध्यांवर सरळ चिकटपट्टी मारून टाकली. टाकी तिथे आली तीही एका तडजोडीतून. मूळ आराखड्यात इंधन पंखांत होते. पंखांत मशीनगन वाढवायच्या ठरल्या, इंधनाला तिथे पुरेशी जागा उरली नाही, टाकी धडात आली आणि तिला वाट देण्यासाठी वैमानिकाची बैठक सुमारे तीन फूट मागे सरकली.

१:४८ प्रमाणात कोर्सेअरचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम २६ सेंटिमीटर भरतात. प्लास्टिकचे सुटे भाग जोडून, रंगवून एवढे विमान तयार करणारा छांदिष्ट त्या पांढऱ्या पट्ट्याही करतो, आणि त्या कुठे कळकट झाल्या, कुठे कडेने सुटल्या हेही दाखवतो. लष्करी विमानांच्या प्रतिकृती करण्याचा हा छंद मुलांच्या खेळण्यातून आला आहे, पण त्यात मुरलेली माणसे जे करतात त्यासाठी रसायन, धातूंचे ज्ञान, जुन्या फोटोंचे वाचन आणि युद्धाचा इतिहास, सगळेच लागते. नवे कोरे विमान करणे हा त्यातला सोपा भाग. कसोटी लागते ती ते जुने करताना. ऊन, खारा वारा, तेल, धूर, बुटांचे घासणे हे सारे केवळ रंगाने उभे करायचे असते. या कामाला जगभर वेदरिंग म्हणतात. त्यात नियम एकच मानावा असे मला वाटते: मॉडेलवरच्या प्रत्येक डागाला खऱ्या विमानात कारण असले पाहिजे.

ठराविक प्रमाणातल्या विमानांची किट ब्रिटनमध्ये निघाली तेव्हा ती लाकडाची होती. १९३२ च्या सुमारास जेम्स हे स्टीव्हन्स यांनी ‘स्कायबर्ड्‌स’ नावाची मालिका आणली. प्रमाण धरले १:७२, म्हणजे इंचाला सहा फूट. सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा झाला. फूट-इंचात विचार करणाऱ्या देशाला ते सोयीचे होते, आणि एकदा रूढ झाल्यावर मीटर वापरणाऱ्या जपानने आणि चेक प्रजासत्ताकानेही तेच उचलले. १:४८ चा हिशोबही तसाच, पाव इंचाला एक फूट. १९३६ मध्ये ‘फ्रॉग’ या ब्रिटिश कंपनीने १:७२ प्रमाणातच, पण प्लास्टिकची किट काढली. या कंपनीचे नाव होते उडणाऱ्या मॉडेलांसाठी. मग न उडणाऱ्या मालिकेला नाव काय द्यायचे? त्यांनी दिले ‘पेंग्विन’. ते प्लास्टिक सेल्युलोज ॲसिटेट जातीचे होते आणि वर्षे उलटतील तसे वाकायचे, पिळवटायचे. त्या पेंग्विनांपैकी सरळ पंखांचे विमान आज क्वचितच पाहायला मिळते.

मग युद्ध आले आणि खेळणे सरकारी कामाला जुंपले गेले. डोक्यावरून जाणारे विमान आपले की शत्रूचे हे काही सेकंदांत ओळखता आले नाही, तर तोफखाना आपलीच विमाने पाडतो. १९४२ च्या सुरुवातीला अमेरिकी नौदलाने देशभरातल्या शाळकरी मुलांकडून पाच लाख लाकडी मॉडेले मागवली. प्रमाण १:७२, रंग काळा, कारण ओळखायची ती आकृती. त्यामागे साधे गणित होते. १:७२ चे मॉडेल ३५ फुटांवरून पाहिले की खरे विमान सुमारे अर्ध्या मैलावरून दिसते तेवढेच दिसते. वर्गाच्या एका टोकाला मॉडेल टांगले आणि दुसऱ्या टोकाला सैनिक बसवले की प्रशिक्षण सुरू.

युद्धानंतर पॉलिस्टायरीन आणि इंजेक्शन मोल्डिंग यांनी चित्र पालटले. पॉलिस्टायरीनचे दाणे वितळवून पोलादी साच्यात दाबाने भरायचे, काही सेकंदांत थंड करून बाहेर काढायचे. साचा प्रचंड महाग, पण त्यातून निघणारा एकेक नग कवडीमोलाने पडतो. ब्रिटनच्या ‘एअरफिक्स’ने हे ओळखले. हंगेरीतून आलेल्या निकोलस कोव्ह यांनी १९३९ मध्ये ही कंपनी काढली ती हवेने फुगणारी रबरी खेळणी करायला. पुढे तिने कंगवेही काढले. १९५२ मध्ये तिने ‘गोल्डन हाइंड’ या जहाजाचे किट प्लास्टिकच्या पिशवीत घालून वूलवर्थच्या दुकानांत दोन शिलिंगांना विकायला ठेवले. खोका परवडत नव्हता म्हणून पिशवी. पुढच्या दोन-तीन वर्षांत स्पिटफायर आले आणि ब्रिटनमधल्या एका अख्ख्या पिढीच्या पॉकेटमनीचे काय झाले ते सांगायला नको.

फ्रॉगचा शेवट मात्र चमत्कारिक झाला. सत्तरच्या दशकात ती बंद पडली आणि तिचे साचे सोव्हिएत संघात गेले. तिथून तीच किट ‘नोव्हो’ या नावाने पुन्हा बाजारात आली. पण रशियनांनी जर्मन आणि त्यांच्या मित्रराष्ट्रांच्या विमानांचे साचे नको म्हटले. ते रेव्हेल कंपनीकडे गेले. युद्ध संपून तीस वर्षे झाली होती, तरी मेसरश्मिटचा पोलादी साचासुद्धा त्यांना आपल्या कारखान्यात नको होता. दुसऱ्या टोकाला जर्मनीतही हेच दुखणे आहे. तिथे नाझी चिन्हांवर कायद्याचे कडक निर्बंध असल्यामुळे अनेक किटच्या चित्रपत्रावर शेपटीवरचे स्वस्तिक नसतेच, किंवा दोन-तीन निरर्थक तुकड्यांत छापलेले असते. ज्याला हवे त्याने ते जुळवून घ्यायचे.

आज या धंद्याची राजधानी जपानमधला शिझुओका प्रांत मानावा लागेल. तामिया आणि हासेगावा दोन्ही तिथल्याच. लाकूडकामाची जुनी परंपरा असलेला हा भाग. तामियाची सुरुवातही १९४६ मध्ये लाकडाच्या वखारीपासून झाली. लाकडी मॉडेले करणाऱ्या या घराण्याने १९६० पासून प्लास्टिक धरले. त्यांच्या काटेकोरपणाचा एक किस्सा विमानाचा नसला तरी सांगण्याजोगा आहे. पोर्शे ९११ गाडीचे मॉडेल करायचे म्हणून शुन्साकू तामिया यांनी खरी पोर्शे विकत घेतली आणि ती पार खोलून टाकली.

आता टेबलावर येऊ. किटचा खोका उघडला की आत प्लास्टिकच्या चौकटी असतात. त्यांना स्प्रू म्हणतात. प्रत्येक भाग बारीक देठाने तिला जोडलेला. भाग कापून काढायचा, देठाची खूण पॉलिश पेपरने घासून घालवायची. चिकटवायला लागतो तो गोंद खरे तर गोंदच नसतो. तो पातळ द्रावक असतो. दोन तुकडे जुळवून धरले आणि सांध्यावर ब्रशचे टोक टेकवले की तो स्वतःहून फटीत धावतो, दोन्ही बाजूंचे पॉलिस्टायरीन विरघळवतो, त्यांच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींत मिसळतात आणि द्रावक उडून गेला की सांधा उरतच नाही. दोन तुकड्यांचे एक प्लास्टिक होते. वेल्डिंगच ते, फक्त उष्णतेशिवाय.

बांधणीची सुरुवात बहुतेक वेळा कॉकपिटपासून होते, कारण धडाचे दोन भाग एकदा मिटले की आत हात घालता येत नाही. खुर्ची, पट्टे, घड्याळांची पाटी, सगळे आधी रंगवायचे. १:७२ मध्ये ही पाटी अंगठ्याच्या नखाएवढी असते आणि तिच्यावरच्या प्रत्येक तबकडीत काटा असतो. नाकाखाली चाक असलेल्या जेटच्या नाकात वजन भरायला विसरलात तर पूर्ण झालेले विमान शेपटीवर बसते. त्यासाठी मासेमारीच्या गळाला लावतात ती शिशाची वजने कामी येतात. मग सांधे. धडाच्या पाठीवरून जाणारी शिवण लांबी भरून, घासून, पुन्हा प्रायमर मारून तपासायची, कारण खऱ्या विमानाच्या पाठीवर अशी रेघ बहुधा नसतेच. काचेच्या छतासाठी अमेरिकेत एक युक्ती निघाली. ‘फ्यूचर’ नावाचे फरशी चमकवायचे ॲक्रिलिक पॉलिश मिळायचे, त्यात छत बुडवून सुकवले की बारीक ओरखडे भरून निघतात आणि प्लास्टिकला काचेचे तेज येते. फरशी चमकवण्यासाठी केलेली बाटली लोक विमानासाठी साठवून ठेवू लागले.

रेडिओच्या तारेसाठी उरलेल्या स्प्रूचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर, पण ज्योतीला न टेकवता, फिरवत धरतात. तो मऊ होऊन लवू लागला की ज्योतीपासून बाजूला घेऊन दोन्ही हातांनी एका दमात ओढायचा. हळू ओढला तर जाड राहतो, घाई केली तर तुटतो. जमला तर हातभर लांबीचा केसासारखा धागा हाती येतो. केसाचेच माप लावायचे तर माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटरचा असतो. १:७२ मध्ये तो पाच मिलिमीटर जाडीच्या दोराइतका ठरतो, म्हणजे खऱ्या विमानाच्या तारेपेक्षा जाडच.

प्रमाणाचे हे गणित या छंदाचा पाया आहे आणि तेच त्याला सतत हरवते. पंखाची मागची कड अर्धा मिलिमीटर जाड राहिली तर १:४८ मध्ये ती २४ मिलिमीटरची फळी होते. पत्र्यांचे जोड दाखवणारी कोरलेली रेघ, जिला पॅनल लाईन म्हणतात, ती ०.२ मिलिमीटर रुंद असली तरी १:७२ मध्ये सुमारे १४ मिलिमीटरची फट होते. एवढी फट असलेल्या विमानात कोणी बसेल का? खऱ्या विमानाच्या पत्र्यांचे जोड काही पावलांवरून दिसेनासे होतात. म्हणजे मॉडेलवरच्या रेघा वास्तव दाखवत नाहीत, त्या एक संकेत आहेत. चित्रकार नाकाची कड रेघेने दाखवतो त्यातला प्रकार. हे कबूल करून मग त्या रेघांत किती काळा रंग भरायचा ते ठरवावे. बरेच लोक ठरवत नाहीत, नुसता भरतात, आणि विमान फरशी बसवल्यासारखे चौकटी-चौकटींचे दिसते.

रंगाचेही असेच. ३० सेंटिमीटरवरून पाहिलेले १:७२ चे मॉडेल म्हणजे २१-२२ मीटरवरून पाहिलेले खरे विमान. मधल्या हवेने रंग किंचित फिका दिसतो, म्हणून डब्यातला अस्सल रंग जसाच्या तसा मारला तर लहान विमान काळवंडलेले वाटते. पांढऱ्याचा थेंब मिसळावा असे अनेकजण मानतात. किती, यावर एकमत नाही आणि होणारही नाही, कारण मूळ रंगच दर कारखान्यागणिक, दर हंगामागणिक बदलत होते. अमेरिकेने १९५६ पासून ‘फेडरल स्टँडर्ड ५९५’ नावाची क्रमांकित रंगांची पुस्तिका चालवली. ती आज मॉडेलकारांची पोथी आहे. पण दुसरे महायुद्ध त्याआधी दहा वर्षे संपले होते.

रंग मारायला एअरब्रश. ०.२ किंवा ०.३ मिलिमीटरच्या तोंडातून, दुधाइतका पातळ केलेला रंग हवेच्या दाबाने कणाकणाने बसतो. थर इतका पातळ हवा की खाली कोरलेला खिळा बुजता कामा नये. मग पारदर्शक चकचकीत लेप, त्यावर पाण्यात भिजवून सरकवायची चिन्हे म्हणजे डीकल, मग पुन्हा लेप. आधी चमक का, हा प्रश्न नवख्याला पडतो, कारण लढाऊ विमान तर मॅट असते. उत्तर हवेत आहे. मॅट पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असतो. डीकलखाली त्या खड्ड्यांत हवा अडकते आणि तिच्यामुळे कडेने चंदेरी झाक येते. गुळगुळीत लेपावर हवेला जागाच राहत नाही. मॅट करायचे ते अगदी शेवटी.

आणि मग वेदरिंग. इथे रसायनाचा क्रम पाळावा लागतो. खाली ॲक्रिलिक लेप असेल तर वर इनॅमल किंवा ऑइल कलर टर्पेंटाइनसारख्या पातळ द्रवात मिसळून लावता येतो, कारण तो द्रव ॲक्रिलिकला सहसा धक्का लावत नाही. चूक वाटली तर पुसून टाका. खालीही इनॅमलच असेल तर खालचे कामच विरघळते. रंगाचे पोपडे दाखवण्याची सगळ्यात गमतीदार रीत हेअर-स्प्रेची. आधी चंदेरी रंग मारायचा, तो सुकला की त्यावर बाजारात मिळणारा केसांचा स्प्रे, आणि त्यावर छद्मावरणाचा ॲक्रिलिक रंग. मग ब्रश पाण्यात बुडवून हळू घासला की पाणी वरच्या थरातून झिरपते, खालचा स्प्रे सुटतो आणि रंगाचे खरेखुरे पोपडे निघू लागतात. हाताने रंगवलेला ओरखडा आणि खरोखर निघालेला पोपडा यांत डोळ्याला फरक कळतो.

कोर्सेअरवर हे सगळे लावून पाहू. १९४३ च्या उत्तरार्धात सॉलोमन बेटांवरच्या धावपट्ट्यांवरून ही विमाने उडत होती. ‘जॉली रॉजर्स’ म्हणून गाजलेली व्हीएफ-१७ ही तुकडी न्यू जॉर्जियातल्या ओंडोंगा इथे होती. धावपट्टी प्रवाळ कुटून केलेली, त्यामुळे धूळ आपल्याकडच्यासारखी तांबडी नाही, पांढुरकी. चाकांवर आणि पोटाखाली तीच. वरून विषुववृत्ताजवळचे ऊन. वरच्या बाजूचा समुद्री निळा रंग विटून खडूसारखा पांढुरका होत गेला. पंखांच्या आणि धडाच्या वरच्या, आडव्या भागावर जास्त, उभ्या बाजूंवर कमी. मधूनच नव्या रंगाचे गडद ठिगळ. बाजूचे राष्ट्रचिन्हही बोलते. जून १९४३ च्या अखेरीस पांढऱ्या ताऱ्याला दोन्ही बाजूंना पांढरे दांडे आणि सगळ्याभोवती लाल किनार आली. पण पॅसिफिकमध्ये लाल म्हणजे जपानी, म्हणून काही आठवड्यांतच ती किनार निळी करण्याचा हुकूम निघाला. लाल झाकणारी ती निळी रेघ ताजी, तिच्याभोवतीचा निळा विटलेला. ज्या मॉडेलवर हा फरक दाखवलेला असतो त्या मॉडेलवर तारीख लिहायची गरज नसते.

पुढे नाकाशी १८ सिलिंडरांचे, दोन हजार अश्वशक्तीचे इंजिन. त्याच्या आवरणाच्या मागच्या कडेला हवा सोडणाऱ्या झडपा असतात. वरच्या झडपांमधून तेल आणि हायड्रॉलिक द्रव उडून काचेवर यायचा, म्हणून वरच्या झडपा पुढे कायमच्या बंद करून टाकल्या गेल्या. तेव्हा तेलाचे ओघळ कुठून निघतील हे विमानाच्या कोणत्या आवृत्तीवर काम चालले आहे त्यावर ठरते. वैमानिक उजव्या पंखावरून चढायचा, तर उजव्या पंखाच्या मुळाशी बुटांची घसट जास्त. मेकॅनिक मात्र दोन्ही बाजूंनी टाकी भरायला आणि गोळ्यांचे पट्टे घालायला चढत, म्हणून डावी बाजूही कोरी नाही. स्पंजचा तुकडा रंगात बुडवून, बराचसा कागदावर टिपून, तिथे अलगद टेकवायचा: आधी प्रायमरचा पिवळट हिरवा, आणि त्या डागांच्या आत, जिथे घासून घासून धातू उघडा पडला असेल तिथे, चंदेरी ठिपका.

पण हाच स्पंज बाहेरच्या पंखाच्या मागच्या भागावर टेकवला तर काम फसले. तिथे धातू नाहीच. एवढ्या आधुनिक विमानाच्या बाहेरच्या पंखांचा, मुख्य कण्यामागचा भाग कापडाने मढवलेला होता. कापड विटते, मळते, त्यावर ठिगळ लागते. त्याला ॲल्युमिनियमचा ओरखडा पडत नाही. फोटोत तो भाग धातूच्या भागापेक्षा वेगळ्या छटेचा दिसतो, आणि मॉडेलवर तेवढी छटा आली की पुरे.

आतमध्ये काय आहे हे न पाहता वर चंदेरी शिंपडणे ही या छंदातली सर्वात पसरलेली खोड आहे. हरिकेनच्या धडाचा मागचा भाग कापडाचा. मॉस्किटो तर जवळजवळ सगळे प्लायवुडचे. त्याला चंदेरी ओरखडे दिले की माहीतगार हसतात. गंमत अशी की आग्नेय आशियात, भारताच्या पूर्व सीमेवरच्या मोहिमेत, याच लाकडी मॉस्किटोंना उन्हाच्या तापापासून वाचवण्यासाठी सगळीकडून चंदेरी रंग दिला गेला होता. तिथे ओरखडा पडला तरी चंदेरीखालून धातू दिसणार नाही. मस्टँगच्या पंखाची दुसरी तऱ्हा. हवा सरळ वाहावी म्हणून कारखान्यातच पंखाच्या पुढच्या भागातले खिळे आणि जोड लांबीने बुजवून, घासून, वर चंदेरी रंग मारत. मग त्या पंखावर उठून दिसणाऱ्या रेघा आणि खिळे कोरणारे किट चुकते, आणि ते इमानाने काळ्या रंगाने भरणारा मॉडेलकार ती चूक अधोरेखित करतो.

जपानी विमाने म्हटली की सगळीकडे पोपडे, अशीही एक समजूत आहे. ती अर्धी खरी. सुरुवातीच्या झीरोंवर कारखान्यात चढवलेला राखाडी रंग चांगला चिवट होता. पोपडे उडाले ते मुख्यतः नंतर, आघाडीवर घाईने, खाली प्रायमर न देता मारलेल्या हिरव्या रंगाचे. जपानी लष्कराची कितीतरी ‘हिएन’ विमाने कारखान्यातून उघड्या धातूत निघाली, आणि न्यू गिनीच्या दमट हवेत त्यांच्यावरचा हिरवा रंग सालपटासारखा सुटत गेला. म्हणजे त्यांवर पोपडे भरपूर दाखवा, पण कोणता थर सुटतो आहे ते ठरवून.

धुराचेही तसेच. एग्झॉस्टमागचा डाग काळाच असतो असे नाही. त्या काळच्या विमानी पेट्रोलमध्ये शिसे असे. लांबच्या उड्डाणात इंधन वाचवण्यासाठी मिश्रण पातळ ठेवले की शिशाचा फिका राखाडी, मातकट थर मागे साचतो. मिश्रण दाट असेल तर काजळी. मशीनगनच्या तोंडाचे काय? स्पिटफायरच्या पंखांतल्या मशीनगनच्या तोंडांवर थंडी आणि धूळ आत जाऊ नये म्हणून लाल कापडी पट्ट्या डकवत. पहिली गोळी पट्टी फाडून निघायची. तेव्हा पट्टी शाबूत दाखवायची असेल तर मागे ताजी काजळी नको. आणि ६ जून १९४४ च्या नॉर्मंडी आक्रमणासाठी पंखांवर मारलेले काळे-पांढरे पट्टे? हुकूम अखेरच्या दोन-तीन दिवसांत आला, आणि जमिनीवरच्या माणसांनी हाती लागेल त्या ब्रशने हजारो विमाने रंगवली. त्यांच्या कडा नागमोडी, रंग कुठे पातळ, कुठे ओघळलेला. मास्किंग टेप लावून रेषेत काढलेले सुबक पट्टे इथे खोटे दिसतात.

डाग दाखवण्याच्या या कलेला घराणीही आहेत. सत्तरच्या दशकात शिकागोच्या शेपर्ड पेन यांनी मोनोग्राम कंपनीच्या किटसाठी पत्रके लिहिली. पडलेले, मोडलेले बी-१७ त्यांनी एका प्रसंगात बसवून दाखवले आणि कित्येकांना पहिल्यांदा कळले की मॉडेल गोष्ट सांगू शकते. बेल्जियमच्या फ्रांस्वा व्हर्लिंडेन यांनी गडद वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग, आणि कोरड्या ब्रशने कडा उजळण्याची शैली लोकप्रिय केली. पुढे स्पेनमधून मिग हिमेनेझ आणि त्यांच्या सोबतच्यांनी रणगाड्यांवर रंगांचे थर, छटा आणि धूळ यांचे नाट्य उभे केले, आणि त्यासाठी लागणाऱ्या बाटल्यांचा मोठा धंदाही. ती रीत रणगाड्यांवरून विमानांवर आली तेव्हा वाद पेटला. मी या वादात सावध बाजूने आहे. रणगाडा चिखलात राहतो. विमान धुतले जाते, पुसले जाते, कारण मळ म्हणजे वाऱ्याला अडथळा आणि वेगात घट. शिवाय युद्धातल्या विमानाचे आयुष्य थोडके. १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडवर लढलेली कितीतरी स्पिटफायर काही महिन्यांचीच होती. विटायला वेळ मिळण्याआधी ती पडली. कला म्हणून गडद करायचे तर करावे, पण मग ते इतिहासाच्या नावावर खपवू नये.

मग पुरावा कुठे शोधायचा? संग्रहालयात, असे वाटते, पण तिथली बहुतेक विमाने पुन्हा रंगवलेली असतात. याला ठसठशीत अपवाद म्हणजे अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयातले ‘फ्लॅक-बेट’ हे बी-२६ बॉम्बफेकी विमान. दोनशेहून अधिक मोहिमा, हजाराहून अधिक छिद्रे बुजवलेली, आणि रंग युद्धातलाच. तो तसाच राखण्यावर तिथल्या तज्ज्ञांचा भर आहे. आपल्याकडे गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ बोगमाळोला नौदलाचे विमान संग्रहालय आहे. सी हॉक, अलिझे, सी हॅरिअर ही विक्रांत आणि विराटच्या डेकवरून उडालेली विमाने तिथे अगदी जवळून पाहता येतात. चाकांच्या खोबणीतल्या नळ्या, पंख दुमडायच्या बिजागऱ्या यांचे फोटो घ्यायला यासारखी जागा नाही. रंगावर मात्र विसंबू नये. उघड्यावर, समुद्राच्या वाऱ्यात उभ्या यंत्राला वेळोवेळी रंग द्यावाच लागतो, आणि तो देणाऱ्याचा हेतू गंज थांबवण्याचा असतो, १९७१ च्या युद्धातली छटा जुळवण्याचा नव्हे. विमानवाहू नौकेवरच्या विमानाला हा गंज सेवेतही छळतोच. जिथे मीठ खाते तिथे खरवडून नव्या रंगाचा हात मारतात, म्हणून नौदलाच्या राखाडी जेटवर ठिगळांची नक्षी दिसते.

भारतीय विमाने करणाऱ्याला १९७१ हे वर्ष वेगळ्याच कारणाने खुणावते. त्या सुमारास हवाई दलाच्या चकचकीत धातूच्या मिग-२१ वर हिरवे-तपकिरी रंग चढवले गेले ते स्क्वाड्रनच्या पातळीवर, हाती असलेल्या साहित्यातून. एका तुकडीचा नमुना दुसरीशी जुळत नाही. किटच्या कागदावर छापलेला एकच नमुना सगळ्यांना लावता येत नाही. फोटो हाती हवा, आणि तोही त्याच क्रमांकाच्या विमानाचा, शक्यतो दोन्ही बाजूंनी.

स्पर्धेत मात्र या साऱ्याची पाळी उशिरा येते. परीक्षक हातात छोटा टॉर्च घेऊन येतात. आधी पंख दोन्हीकडे सारखे उचललेले आहेत का ते समोरून पाहतात, चाके सरळ आहेत का, धडाच्या पाठीवर शिवण उरली आहे का, काचेवर गोंदाचा धूर बसला आहे का ते तपासतात, मग टॉर्च चाकांच्या खोबणीत घालतात, जिथे साच्यातून भाग ढकलून काढणाऱ्या खिळ्यांचे गोल ठसे बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. त्यात निभावले तरच कोणीतरी विचारते, हा पंखावरचा ओघळ नेमका कुठल्या झडपेतून आला.